प्लेटो कुणी वाचायचा?

जामखेड तालुक्यातील खर्डा हे माझे गाव. पाठ्यपुस्तकात ते 1795 च्या मराठे-निजाम लढाईपुरते येते. तिथल्या दलित वस्तीतला माणूस आयुष्यभर ग्रीक तत्त्वज्ञान शिकवतो, हे ऐकून चळवळीतले कार्यकर्ते हसतात. अन्यायाने पोळलेल्या गावाला प्लेटो कशाला, असा त्यांचा रोकडा प्रश्न असतो.

1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण तेथे होऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेब चातुर्वर्ण्याची चिकित्सा करताना थेट प्लेटोकडे वळतात. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये माणसांचे तीन वर्ग पाडले: वासनांच्या अंमलाखालचे कष्टकरी व व्यापारी, धैर्यवान रक्षक आणि विवेकी राज्यकर्ते. बाबासाहेबांचा आक्षेप असा, की प्रत्येक माणूस अनन्य असतो, त्याच्या प्रवृत्ती अनंत असतात. त्याला दोन-तीन खणांत कोंबता येत नाही. कोलंबियातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांनी 1916 च्या 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन'मध्ये प्लेटोचा हाच दोष दाखवला होता. बाबासाहेबांनी त्या युक्तिवादाची धार वर्णव्यवस्थेवर चालवली. वर्गात प्लेटो शिकवताना हे प्रकरण मी नेहमी सोबत ठेवले.

प्लेटोच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सोने, चांदी, लोखंड-पितळ या त्याच्या कथेत लोखंडी आईबापांच्या पोटी सोन्याचे मूल जन्मू शकते आणि त्याला वर घ्यावेच लागते. जन्मावर उभ्या असलेल्या जातीने एवढीही फट ठेवली नाही.

याच ग्रंथाच्या पहिल्या भागात थ्रॅसिमॅकस सॉक्रेटिसला ठणकावतो, की न्याय म्हणजे बलवानाचे हित. खर्ड्यात 2014 साली एका 17 वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले, 2017 साली आरोपी निर्दोष सुटले. गावाकडच्या विद्यार्थ्याला थ्रॅसिमॅकस समजावून सांगावा लागत नाही; सॉक्रेटिसचे उत्तर मात्र त्याला पटवताना घाम फुटतो.

गुरुदेव रानडे ग्रीकांचा अभ्यास करून उपनिषदांकडे आणि संतांच्या साक्षात्काराकडे वळले. आमची वाट गुलामांकडे जाते. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, असे ॲरिस्टॉटल लिहून गेला. पुढे सुमारे चार शतकांनी गुलामीत वाढलेला एपिक्टेटस निकोपोलिसला तत्त्वज्ञान शिकवत होता आणि नंतर खुद्द रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस त्याची प्रवचने वाचत होता. पण मनाने स्वतंत्र राहा, असे सांगणारा एपिक्टेटस मालकाची मालकी जागच्या जागी ठेवतो. आपल्या विद्यार्थ्यांनी त्याच्याशी इथे भांडण काढावे.