एका नांवाखालच्या अनेक जाती

दक्षिण ध्रुवाभोंवतींच्या गोठणाऱ्या समुद्रांत, अगदीं तळाशीं, तळहातावर मावेल एवढा एक चपटा कवचधारी प्राणी राहतो. जेम्स एट्स या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञानें १८३३ सालीं त्याला 'ट्रायलोबाइटासारखा' अशा अर्थाचें नांव दिलें. ट्रायलोबाइट तर सुमारें २५ कोटी वर्षांपूर्वींच नामशेष झालेले! साम्य केवळ वरवरचें. हा खेकड्या-कोळंब्यांच्या वर्गांतला.

मग बाह्य रूपावर कितपत विसंबावें? २००३ सालीं आनुवंशिक द्रव्य तपासतां या एका नांवाखालीं एकाहून अधिक जाती असल्याचें दिसून आलें. यांतील मादी अंडीं पोटाखालच्या पिशवींत वाढविते. पिलें प्रवाहाबरोबर दूरवर पसरत नाहींत, आणि वस्त्या परस्परांपासून वेगळ्या होत जातात. त्यांतली एखादी जात उद्यां नाहींशी झाली, तरी जुन्या यादींत तिची उणीव दिसणार नाहीं.