बागुलबुवा घाबरतो तेव्हा

लहान मुलांना दोन रिकामे खोके दाखवायचे. आत काहीही नाही, याची त्यांना खात्री पटू द्यायची. मग त्यांतल्या एका खोक्यात एक प्राणी बसलाय अशी कल्पना करायला सांगायची. काही मुलांनी गोजिरवाणा ससा कल्पायचा, काहींनी राक्षस. पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये केलेला हा प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. 'खरंच आहे का रे आत?' असं विचारलं की मुलं ठामपणे नाही म्हणत. त्यानंतर काहीतरी निमित्त काढून संशोधक खोलीबाहेर जात. एकटं पडलेलं मूल हळूच त्याच खोक्याकडे वळे, त्याला हात लावी, झाकण उघडून बघे. ज्यांनी राक्षसाची कल्पना केली होती, अशी चार वर्षांची काही मुलं तर संशोधकांना बाहेर जाऊच देईनात.

झोपायच्या वेळी घाबरणाऱ्या मुलाला समजून घ्यायचं असेल, तर हा प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. राक्षस खोटा असतो हे त्या मुलाला ठाऊक असतं. तरीही दिवा मालवला की खुंटीवरचा सदरा हलल्यासारखा वाटतो आणि माळ्यावर कोणीतरी दबा धरून बसलंय असं वाटायला लागतं. अशा वेळी आपण मोठी माणसं जे हमखास म्हणतो, 'काही नाही तिथे, झोप गुपचूप', त्यातून मुलाला नवं काहीच कळत नाही. ते त्याला आधीच माहीत असतं.

ही भीती किती मुलांना वाटते? नेदरलँड्समध्ये पीटर म्युरिस आणि सहकाऱ्यांनी ४ ते १२ वयाच्या १७६ मुलांशी बोलून केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्रीची भीती वाटते असं सुमारे ७३ टक्के मुलांनी सांगितलं. वय वाढलं की भीती आपोआप जाते, या समजुतीलाही त्यात धक्का बसतो: चार ते सहा वर्षांच्या मुलांपेक्षा सात ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण अधिक निघालं. आणि याच थोड्या मोठ्या मुलांच्या भीतीचा अंदाज आईवडिलांना कमी होता. शाळेत जायला लागलेलं मूल भीती लपवायलाही शिकलेलं असतं.

अंधारात दचकणं हा काही भित्रेपणा नव्हे, आपल्या शरीराची घडणच तशी आहे. अमेरिकेत ख्रिश्चन ग्रिलन यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं, की अचानक मोठा आवाज झाला तर माणूस उजेडापेक्षा अंधारात जास्त जोरात दचकतो. उंदीर हा निशाचर प्राणी, त्याचं याच्या नेमकं उलट असतं. तो लख्ख उजेडात जास्त दचकतो. ज्याला ज्या वेळी धोका, त्या वेळी त्याचं अंग सावध. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात २०२१ मध्ये २३ प्रौढांच्या मेंदूचे एमआरआय काढले, तेव्हा भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागाची सक्रियता उजेडात कमी होते असं दिसलं. अगदी मिणमिणत्या उजेडातसुद्धा. 'दिवा राहू दे ना' हा मुलाचा हट्ट मोठ्यांच्या मेंदूलाही पटण्यासारखा आहे तो असा.

या सावधपणामागे खरे बळी आहेत. टांझानियात १९८८ ते २००९ या काळात सिंहांनी माणसांवर केलेल्या जवळपास ५०० हल्ल्यांची नोंद क्रेग पॅकर यांच्या गटाने तपासली. हल्ले सर्वांत जास्त झाले होते ते पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, दिवेलागणीनंतर पण चंद्र उगवायच्या आधी, म्हणजे ऐन काळोखात. आपल्याकडे जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात अंधार पडल्यावर पोराला अंगणात एकटं सोडत नाहीत, त्यालाही असंच सबळ कारण आहे. तिथली बिबट्याची भीती हसण्यावारी नेऊ नये आणि गोष्टी सांगून घालवायलाही जाऊ नये. या लेखाचा विषय आहे चार भिंतींच्या आतला अंधार, जिथे बिबट्या नाही आणि तरी छातीत धडधडतं.

या भीतीवर एक विलक्षण सुंदर चित्रपुस्तक १९६८ मध्ये अमेरिकेत आलं. मर्सर मेयर या चित्रकाराचं 'देअर्स अ नाइटमेअर इन माय क्लॉझेट'. एका मुलाच्या कपाटात एक दुःस्वप्न राहत असतं. रोज झोपण्याआधी तो कपाटाचं दार घट्ट लावून घेतो. एका रात्री मात्र तो ठरवतो की आज याचा निकाल लावायचाच. खेळण्यातली शस्त्रं घेऊन तो अंथरुणात वाट बघत बसतो. दुःस्वप्न दबक्या पावलांनी बाहेर येतं, मुलगा झटकन दिवा लावतो आणि पलंगाच्या पायथ्याशी एक अवाढव्य, ठिपक्याठिपक्यांचं, बावळट चेहऱ्याचं ध्यान बसलेलं दिसतं. मुलगा खेळण्यातल्या बंदुकीने त्याच्यावर गोळी झाडतो. तर ते ध्यान चक्क भोकाड पसरतं! आता मुलाची पंचाईत होते, कारण या रडण्याने आईबाबा जागे होतील. गप्प कर म्हटलं तरी ते गप्प होत नाही. शेवटी तो त्याचा हात धरून त्याला आपल्याच अंथरुणात निजवतो आणि कपाटाचं दार लावून घेतो. शेवटच्या पानावर कपाटातून दुसरं दुःस्वप्न डोकावतं, पण पलंगावर तिघांना जागा नाही हे मुलाने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

या पुस्तकात 'राक्षस नसतात' असं कुठेही म्हटलेलं नाही. राक्षस आहे, पण तो रडका आहे आणि त्याला सांभाळायची जबाबदारी मुलावर आहे. घाबरणारा आणि धीर देणारा यांच्या जागांची अशी अदलाबदल झाली की लहान मूल खदखदून हसतं. मला मेयर यांचं मोठेपण वाटतं ते याच ठिकाणी. मानसशास्त्रज्ञ पुढे चाळीसेक वर्षांनी ज्या निष्कर्षापाशी पोचले, तिथे हा चित्रकार आधीच जाऊन बसला होता.

कॅलिफोर्नियात लिआत सायफान आणि क्रिस्टिन लागाटुटा यांनी चार, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून विचारलं: यातलं मूल घाबरलंय, त्याची भीती जायला काय करावं? राक्षस-चेटकिणींच्या बाबतीत सात वर्षांची मुलं 'ते खरं नसतं हे आठवावं' असं म्हणत. त्याहून लहान मुलांना हा उपाय तितकासा सुचत नव्हता. त्यांचा ओढा वेगळ्या वाटेकडे होता: तो राक्षस चांगला आहे, असं समजावं. कल्पनेच्या बाहेर पडण्यापेक्षा कल्पनेतच राहून तिचा रंग बदलणं त्यांना सोपं जातं. आपण मात्र चार वर्षांच्या मुलाला सात वर्षांच्या मुलाचा उपाय देत राहतो.

याहून थेट पुरावा इस्रायलमधला आहे. तेल अवीव विद्यापीठातले आवी सादेह २००६ च्या लेबनॉन युद्धाच्या काळात भेदरलेल्या मुलांसाठी एक उपाय वापरत होते. मुलाच्या हातात कापडी कुत्रा द्यायचा आणि सांगायचं: हा बिचारा एकटा आहे, दुःखी आहे, याला जवळ घेऊन झोपायला कोणीतरी हवंय, घेशील? पुढे योनातान कुशनीर यांच्यासोबत त्यांनी रात्रीची तीव्र भीती असलेल्या चार ते सहा वर्षांच्या १०४ मुलांवर हाच उपाय तपासला. काही मुलांना 'तू याला सांभाळ' असं सांगितलं होतं, काहींना 'हा तुला सांभाळेल' असं. दोन्ही गटांतल्या मुलांची भीती कमी झाली. मला पहिली तऱ्हा जास्त भावते, कारण तिच्यात मुलाला दुबळं धरलेलं नाही.

हसवणाऱ्या पुस्तकाने सगळं काम होतं, असं मात्र समजू नये. भीती मोडण्याची खरी रीत मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने १९२४ मध्येच मांडून ठेवली आहे. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या चिमुरड्याला त्या आवडीचं खायला देत आणि पिंजऱ्यातला ससा थोडाथोडा जवळ आणत. सशाला न घाबरणारी इतर मुलंही कधीकधी सोबत असत. होता होता पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देऊ लागला. अंधाराचंही तसंच. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात पाच ते सात वर्षांच्या नऊ मुलांना एक गोष्टीचं पुस्तक दिलं होतं. आईवडिलांनी ते चार आठवडे वाचून दाखवायचं आणि त्यात सांगितलेले अंधारातले खेळ मुलांशी खेळायचे. नऊपैकी आठ मुलांची भीती लक्षणीयरीत्या कमी झाली. नऊ हा आकडा लहान आहे, पण रीत घरच्या घरी करण्यासारखी आहे. डोळे बांधून लपवलेली वस्तू चाचपडत शोधणं किंवा भिंतीवर हातांच्या सावल्यांचा ससा-हरिण करणं, यात मूल अंधारात असतं आणि तरी खेळत असतं.

कधीकधी तर भीतीचं मूळ घड्याळात असतं. संध्याकाळी मेंदूत मेलाटोनिन वाढू लागतं तेव्हा झोपेची तयारी सुरू होते. त्याआधीच मुलाला अंथरुणात घातलं, तर ते टक्क जागं पडून राहतं आणि रिकामं डोकं माळ्यावरच्या मंडळींना आमंत्रण देतं. कोलोराडो विद्यापीठात मोनिक लबुर्जुआ यांच्या प्रयोगशाळेने तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपण्याआधी तासभर प्रखर उजेडात बसवलं, तेव्हा त्यांचं मेलाटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी घटलं. म्हणून गोष्ट वाचताना डोक्यावरची ट्यूबलाइट नको, मोबाइलवरचं पुस्तक तर नकोच. एखादा पिवळसर, मंद दिवा पुरे.

सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते आपल्या घरातल्या एका सवयीबद्दल. जेवत नाही, बुवा येईल. झोपत नाही, बागुलबुवा धरून नेईल. लेकराला झोपवण्यासाठी त्याला घाबरवायचं आणि मग ते झोपायला घाबरतं म्हणून वैतागायचं! इंग्लंडमध्ये अँडी फील्ड यांनी मुलांना कधीही न पाहिलेल्या ऑस्ट्रेलियन प्राण्यांविषयी थोडीशी माहिती दिली, काहींविषयी चांगली, काहींविषयी वाईट. ज्याच्याविषयी वाईट ऐकलं, त्या प्राण्याच्या खोक्यात हात घालायला मुलं कचरू लागली. पुढच्या एका अभ्यासात अशा ऐकीव गोष्टींचा परिणाम सहा महिन्यांनंतरही टिकलेला दिसला. चांगलं ऐकलं त्या प्राण्याची भीती मात्र कमी झाली होती. गोष्ट दोन्ही कामं करते, हे यातून दिसतं.

तेव्हा घरात आधीच बागुलबुवा आणून ठेवला असेल, तर त्याला हाकलू नका, त्याची नवी गोष्ट सांगा. विकतचं पुस्तक असलंच पाहिजे असं नाही. मिक्सर सुरू झाला की घाबरून माळ्यावर पळणारा, रात्री एकट्याला झोप येत नाही म्हणून रडणारा बागुलबुवा कोणत्याही आजीला, बाबाला रचता येईल. दोन रात्री सांगून झाल्या की पुढची सूत्रं मुलंच हातात घेतात. बागुलबुवाला आधी आंघोळ घालायची की वरणभात भरवायचा, त्याला पांघरूण कोणाचं द्यायचं, आणि त्याच्या शेपटीला जागा कुठे करायची, यावर त्यांची मतं अगदी पक्की असतात.