प्रत्येक घिरटी घारीची नसते

डिसेंबरातली सकाळ. चिखलीहून मेहकरकडे जाताना रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, कारण हरभऱ्यावर एक पांढरा पक्षी हवेत खिळल्यासारखा थांबला होता. पंख फडफडत होते, पाय खाली सोडलेले होते, मान मात्र तसूभरही हलत नव्हती. मग तो टप्प्याटप्प्याने खाली आला आणि एकदम पिकात शिरला. वर निघाला तेव्हा पायात उंदीर होता. धुऱ्यावर उभे असलेले शेतमालक म्हणाले, "काय पाहून राहिले भाऊ? घार हाये ते. कोंबड्यायचे पिल्लं नेते."

ती कापशी होती. तिच्या डोळ्यांदेखत कोंबडी चरत असती तरी तिला ती उचलता आली नसती, कारण कापशीचं स्वतःचंच वजन पाव किलोच्या आसपास. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, शिकारी पक्ष्यांबद्दल असे समज गावोगाव ऐकू येतात. हातोहाती कॅमेरे आल्यापासून त्यांत फोटोवाल्यांच्या समजांचीही भर पडली आहे. त्यांतले काही नीट तपासून पाहू.

गैरसमज १ : आकाशात फिरते ती घार, आणि फारच मोठी असली तर गरुड.

वस्तुस्थिती : घार ओळखायची खूण शेपटीत आहे. तिच्या शेपटीच्या टोकाला मधोमध खाच असते. वळताना ती शेपटी सुकाणूसारखी तिरपी करते. ही खाच दिसली नाही, तर पुढे बघायला हवं. हवेत एका जागी फडफडत थांबणारी, पांढरीशुभ्र, काळ्या खांद्यांची आणि लाल डोळ्यांची ती कापशी. तशीच थांबणारी पण विटकरी पाठीची असेल तर ती खरूची, हिवाळ्याची पाहुणी. पिकाच्या शेंड्यांवरून अगदी खालून, पंख उथळ 'व्ही'सारखे उचलून तरंगत जातो तो भोवत्या. बाभळीवर किंवा विजेच्या खांबावर तासभर बसून राहणारा, पांढऱ्या डोळ्यांचा आणि पांढऱ्या गळ्यावर मधोमध गडद रेघ असलेला तो तीसा.

गावातल्या कडुलिंबावर बसणारा, कबुतराएवढा, छातीवर तांबूस आडव्या रेघांचा तो शिक्रा. त्याची मादी नरापेक्षा मोठी असते आणि बहुतेक शिकारी पक्ष्यांत हेच दिसतं. पूर्वीच्या बाजदारांनी तर दोघांना वेगळी नावं दिली होती, मादीला शिक्रा आणि नराला चिपका. एक सावधगिरी मात्र बाळगा. झाडातून शिक्र्याचा आवाज आला म्हणून तिथे शिक्राच असेल असं नाही. कोतवाल त्याची हुबेहूब नक्कल करतो.

गैरसमज २ : हे पक्षी शेतकऱ्याचं नुकसान करतात.

वस्तुस्थिती : घार कधीमधी कोंबडीचं पिल्लू उचलते, हे खरंच आहे. पण एका घारीचा गुन्हा सगळ्या कुळाच्या माथी मारला जातो. कापशी आणि गव्हाणी घुबड मुख्यतः उंदरांवर जगतात. सोयाबीन निघाल्यावर उघड्या पडलेल्या रानात आणि पुढे गहू-हरभऱ्यात उंदीर माजतात, तेव्हा कापशी दिवसपाळी करते आणि घुबड रातपाळी. भोवत्यांच्या आहारात नाकतोडे आणि टोळ यांचा मोठा वाटा असतो.

हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी कृषी विभाग शेतात पक्षीथांबे लावायला सांगतो. इंग्रजी 'टी'च्या आकाराच्या त्या काठीवर दिवसा कोतवाल आणि साळुंकी बसतात. रात्री त्याच काठीवरून घुबड उंदीर टिपतं. काठीला खर्च जवळजवळ शून्य. उलट ब्रोमाडायोलोनसारखं सावकाश मारणारं उंदीरनाशक बेसुमार वापरलं, की विष खाल्लेला उंदीर पुढचे काही दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो, पक्षी त्यालाच सहज उचलतो आणि विष त्याच्या पोटात जातं. राखणदारालाच मारण्याचा हा प्रकार आहे.

गैरसमज ३ : घुबड अशुभ असतं आणि त्याला दिवसा दिसत नाही.

वस्तुस्थिती : घुबडाला दिवसा चांगलं दिसतं. ते दिवसा लपतं ते कावळे आणि कोतवाल मागे लागून छळतात म्हणून. पिंगळा तर भरदुपारीही जुन्या भिंतीच्या भोकातून डोकं काढून आपल्याकडे टक लावून बघतो.

रानपिंगळा हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. हे लहानसं घुबड बहुतांशी दिवसा शिकार करतं. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नव्हता आणि ते नामशेष झालं असंच मानलं जात होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबॉट या अमेरिकी अभ्यासकांना ते खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा दिसलं, तेही सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर. पुढे ते मेळघाटातही सापडलं, आणि आपल्या संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य त्याच मेळघाटाच्या जंगलाला जोडलेलं आहे.

अशुभाच्या समजुतीची किंमत घुबडं जिवाने मोजतात. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेने २०१० च्या अहवालात जादूटोण्यासाठी होणाऱ्या घुबडांच्या व्यापाराची नोंद केली होती, आणि दिवाळीच्या सुमारास तो वाढतो असंही सांगितलं होतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घुबड पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे.

गैरसमज ४ : मेलेली जनावरं उघड्यावर टाकणं कमी झालं, म्हणून गिधाडं उपाशी मरून संपली.

वस्तुस्थिती : अन्न होतं, ते विषारी झालं होतं. जनावरांच्या सुजेवर आणि दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या बैलाच्या मांसात उरतं. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं आणि काही दिवसांत ते मरतं. हे कोडं सुटलं ते २००३-०४ च्या सुमारास, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून. तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या १५ वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गावाबाहेर ढोरं टाकण्याच्या जागेवर गिधाडांची झुंबड उडालेली आजोबांनी पाहिली होती. नातवाला गिधाड फक्त पुस्तकात भेटतं.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, आणि केटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न मारणारा पर्याय उपलब्ध आहे. बैल आजारी पडला तर डॉक्टरांना "मेलॉक्सिकॅम चालेल का?" एवढं विचारणं कुणालाही जमण्यासारखं आहे.

गैरसमज ५ : गरुड चाळिशीत डोंगरावर जाऊन चोच आणि नखं उपटतो, नवी फुटली की आणखी ३० वर्षं जगतो.

वस्तुस्थिती : शिबिरांत, शाळेच्या निरोप समारंभात आणि मोबाईलवर फिरणारी ही गोष्ट पूर्णपणे खोटी आहे. चोच आणि नखं आपल्या नखांसारखीच सतत वाढतात आणि वापराने झिजत राहतात. ती एकदम बदलावी लागत नाहीत. पिसंसुद्धा थोडी थोडी गळून नवी येतात, म्हणूनच मोठे गरुड त्या काळातही उडत राहू शकतात. चोच तुटलेला गरुड महिनाभरही तग धरणार नाही, कारण तो खाणार कशाने? आणि रानातला गरुड ७० वर्षं जगत नाही. अमेरिकेतल्या पायात कडं घातलेल्या ज्या टकल्या गरुडाच्या वयाचा विक्रम नोंदला गेला, तो २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात वाहनाच्या धडकेने मेला तेव्हा ३८ वर्षांचा होता. मुलांना चिकाटी शिकवायची असेल तर गरुडाची खरी गोष्ट सांगावी. त्याच्या बऱ्याचशा झेपा रिकाम्या जातात आणि तरी तो पुन्हा झेपावतो.

गैरसमज ६ : पक्षी पाहायचे तर पहाटे उठा आणि जंगल गाठा.

वस्तुस्थिती : बुलबुल आणि दयाळासाठी पहाट ठीक आहे. गरुड मात्र उन्हाची वाट बघतो. काळी जमीन तापली की तिच्यावरून गरम हवेचे झोत वर चढू लागतात. मोठे शिकारी पक्षी त्या झोतात शिरून घिरट्या घेत, पंख न हलवता वर जातात. साधारण नऊनंतर हा खेळ सुरू होतो. घाटाच्या कड्यावर आणखी एक सोय असते. खालच्या सपाटीवरून येणारा वारा कड्याला धडकून वर वळतो आणि पक्षी त्यावर तरंगत राहतात. राजूर घाट किंवा बोथ्याच्या घाटात गाडीला धोका होणार नाही अशा जागी थांबून अर्धा तास वर बघितलं, तर हे समजून येतं. लोणारला तर उलटा चमत्कार घडतो. सव्वाशे मीटरहून खोल विवराच्या काठावर उभं राहिलं की पक्षी आपल्या खाली तरंगतो आणि एरवी कधी न दिसणारी त्याची पाठ दिसते.

जंगलाचं म्हणाल, तर २०१९ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेल्या वाघामुळे ज्ञानगंगा अभयारण्याचं नाव सगळीकडे झालं. सर्पगरुडासाठी झाडी लागतेच. पण भोवत्या, तीसा, खरूची ही मोकळ्या रानाची पाखरं आहेत. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेले भोवत्ये रात्री झाडावर नव्हे, माळावरच्या गवतात जमिनीवर झोपतात. कागदोपत्री 'पडीक' म्हणून लिहिलेल्या माळावर रांगेत रोपं लावली, की आपल्याला हिरवाई दिसते आणि भोवत्याचं घर जातं.

गैरसमज ७ : मोठी लेन्स घेतली आणि जवळ गेलं की फोटो झालाच.

वस्तुस्थिती : सुरुवातीला ८ बाय ४२ किंवा १० बाय ४२ ची दुर्बीण आणि एक वही पुरते. आधी पक्ष्याची सवय कळली, की फोटो आपोआप सुधारतो. खांबावर बसलेल्या कापशीकडे पायी चालत गेलात तर ती उडतेच. गाडीत बसून, इंजिन बंद करून थांबलात तर बहुधा बसून राहते. तिला माणसाच्या उभ्या आकाराची भीती असते, गाडीची तेवढी नाही. तिने पिसं अंगाला चापून घेतली, मान ताणली आणि ती आपल्याकडेच बघू लागली, तर आपण फार जवळ आलो आहोत, मागे व्हावं. शेपटी जरा उचलून शीट टाकली, की पुढच्या क्षणी ती उडणार. कॅमेरा तेव्हा तयार हवा.

उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा २,००० वा भाग किंवा त्याहून जास्त ठेवा. उजळ आकाशासमोरची घार काळी ठिक्कर येते, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवा. गडद रानासमोरची पांढरी कापशी नुसती पांढरी फटक येते, म्हणून ते थोडं कमी करा. बसलेल्या पक्ष्यांचे फोटो दहाच्या आत उरका. नंतर जमिनीलगतची हवा लहरू लागते आणि कितीही महाग लेन्स असली तरी फोटो धूसर येतो.

गैरसमज ८ : घरट्याचा एखादा फोटो काढल्याने काय बिघडतं?

वस्तुस्थिती : फोटो नीट यावा म्हणून आडव्या येणाऱ्या दोन डहाळ्या छाटल्या, की पिल्लांवर थेट वैशाखाचं ऊन येतं आणि कावळ्यांना वाट मोकळी होते. आपण खाली उभे असेपर्यंत आई परतत नाही, तेवढा वेळ पिल्लं उपाशी आणि उन्हात. खुंटीला बांधलेला उंदीर किंवा कबूतर ठेवून झेप टिपणं, मोबाईलवर घुबडाचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणं, रात्री डोळ्यांवर फ्लॅश मारणं हे सगळे त्यातलेच प्रकार. घरट्याची जागा समूहांवर टाकू नका. आज एक कॅमेरा येतो, रविवारी वीस येतात. अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन तर मुळीच नको.

गैरसमज ९ : माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतो.

वस्तुस्थिती : पिल्लाला आपला वास लागला म्हणून पक्षी त्याला सोडत नाहीत. पिसं फुटलेलं पिल्लू धडधाकट असेल, तर त्याला जवळच्या फांदीवर ठेवून दूर व्हावं. आईबाप आसपासच असतात. जखमी पक्ष्याची गोष्ट वेगळी. संक्रांतीत नायलॉन मांज्यात अडकून घारी आणि घुबडं हमखास जखमी होतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच या मांज्यावर बंदी घातली आहे. असा पक्षी सापडला तर त्याच्यावर जाड कापड टाका आणि नखांपासून हात जपा. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, दूध-भात भरवू नका, अंगणात गर्दी जमवू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि फोटो काढायचाच असेल तर तो बरा होऊन उडताना काढा.