रिपोर्ट आला, पुढे काय?

गर्भाशयमुखाच्या तपासणीत एक मिनिट नुसतं थांबायचं असतं. तीन ते पाच टक्के ॲसिटिक ॲसिडच्या पाण्यात, म्हणजे साध्या भाषेत व्हिनेगरमध्ये, भिजवलेला कापसाचा बोळा पिशवीच्या तोंडाला लावायचा आणि घड्याळाकडे बघत राहायचं. निरोगी जागी आलेला फिकट पांढुरकेपणा विरून जातो. जिथल्या पेशी बदलू लागल्या आहेत, ज्यांच्यात केंद्रकं मोठी होऊन प्रथिनं दाटली आहेत, तिथे दाट पांढरा, स्पष्ट कडेचा डाग उमटतो आणि टिकतो. ज्याने घाई केली त्याला तो दिसत नाही. हे द्रावण रोज ताजं करावं लागतं: पंच्याण्णव मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात पाच मिलिलिटर तीव्र ॲसिड. खर्च जवळजवळ नाहीच. लागतो तो चांगला उजेड, स्वच्छ स्पेक्युलम आणि शिकलेली नजर.

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात सावंगी (मेघे) येतं. इथल्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत देवळी, हिंगणघाटकडच्या बायका येतात, तशा पलीकडून कळंब, राळेगावच्याही येतात. मी पडद्याच्या अलीकडे बसून, ज्यांनी होकार दिला त्यांचंच बोलणं ऐकत होते. बहुतेकींच्या केसपेपरवर एकच तक्रार असते, अंगावरून पांढरं जाणं. वर्षानुवर्षं सोसलेली, आणि कंबर दुखते म्हणून सुरुवात करून सगळ्यात शेवटी सांगितलेली.

ज्या बाईला यातला काहीच त्रास नाही, तिला टेबलावर घेणं सर्वांत अवघड. बाळंतपणाला आलेल्या सुनेसोबत आलेली सासू, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेली एखादी काकू. सिस्टर तपासणीचं विचारतात आणि उत्तर येतं, "मले काहीच होत नाही जी, मंग कायले तपासता?" प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे दवाखाना दुखण्यासाठी असतो. पण या तपासणीचा सगळा अर्थ न दुखण्याच्या काळातच आहे. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग बहुतेकींना कधी ना कधी होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो. थोड्या जणींच्या शरीरात तो ठाण मांडतो, आणि तिथून कॅन्सरपर्यंत जायला साधारण पंधरा ते वीस वर्षं लागतात. एचआयव्हीवर उपचार न घेतलेल्या बाईच्या बाबतीत ही मुदत पाच ते दहा वर्षांवर येते. एवढी लांब मुदत फार थोडे कॅन्सर देतात, आणि तरीही ती आपण वाया घालवतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदाही ही तपासणी झालेल्या होत्या फक्त १.९ टक्के.

पॅप स्मिअरचं, म्हणजे पेशी काचेवर घेऊन तपासण्याचं, काम व्हिनेगरच्या तपासणीहून नाजूक. लाकडी स्पॅच्युला पिशवीच्या तोंडाभोवती पूर्ण फिरवायचा, जमलेलं काचेवर एका हाताने पातळ पसरायचं आणि काच लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायची. ती हवेत वाळली तर पेशी फुगतात, विस्कटतात, आणि पॅथॉलॉजिस्टला वाचायला काही उरत नाही. काचेवर नाव आणि नंबर पेन्सिलीने लिहितात, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. पाळी चालू असताना हा नमुना घेत नाहीत. आदल्या एक-दोन दिवसांत संबंध नको, आत ठेवायची औषधंही नकोत. हे आधी सांगितलं नाही तर एसटीने लांबून आलेली बाई तशीच परत जाते, आणि परत गेलेली बाई पुन्हा येईलच असं नाही.

काच प्रयोगशाळेत जाते, रंगवली जाते, वाचली जाते. मग येतो रिपोर्ट, आणि माझ्या मते या सगळ्या साखळीतली कच्ची कडी इथे आहे. कागद इंग्रजीत असतो. घरात बारावीला असलेला मुलगा तो मोबाइलवर शोधून वाचतो आणि रात्रीपर्यंत घरभर एकच शब्द होतो. खरं तर आपल्याकडे फार वेळा येणारा शेरा 'इन्फ्लमेटरी' हा आहे. म्हणजे सूज आहे. जंतुसंसर्ग असेल तर औषध घ्यायचं. 'एएससी-यूएस' म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण नक्की सांगता येत नाही. एचपीव्हीची तपासणी करा किंवा ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा बघा. 'एलसिल' म्हणजे सौम्य बदल, जो बऱ्याचदा संसर्गाबरोबर मावळतो, विशेषतः तरुण वयात. 'एचसिल' आला तर मात्र टाळाटाळ नको, कॉल्पोस्कोपी करायचीच. यातला एकही शेरा कॅन्सर झाला असं सांगत नाही. आणि यातला एकही कागद गादीखाली ठेवण्याजोगा नाही.

पण ठेवला जातो. कापसाच्या वेचणीला मजुरी किलोवर मिळते. दिवाळीच्या मागेपुढे वावर पांढरं झालेलं असताना दवाखान्याला दिलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, हे चांगलंच झालं, पण दिवस तर पूर्णच जातो. त्यात बोलावणं येतं ते दुखत नसताना. शिवाय घरात सांगायचं काय? एक बाई सिस्टरला खालच्या आवाजात विचारत होती, "हे नवऱ्यापासून आलं का?" तिला हळूच दिलेलं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटलं: हा विषाणू संबंधांतून येतो हे खरं, पण तो कधी आला हे कोणीच सांगू शकत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला वीस वर्षांनी दिसू शकतो. रिपोर्ट म्हणजे कोणाच्या चारित्र्याचा पुरावा नव्हे. हे वाक्य बाईला एकटीला सांगून भागत नाही, नवऱ्यालाही बोलावून सांगायला हवं.

दुसऱ्यांदा आलेल्या बाईला कॉल्पोस्कोपीच्या खोलीत नेतात. नावाला मोठं असलेलं हे यंत्र म्हणजे पायावर उभी दुर्बीण. ते बाहेरच राहतं, अंगात काही घालत नाहीत. पुन्हा व्हिनेगर, पुन्हा थांबणं, मग आयोडीन. निरोगी पेशींत ग्लायकोजेन असतं, त्या आयोडीन पिऊन गडद तपकिरी होतात. बदललेली जागा पिवळसर राहते. तिथूनच बाजरीच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. चिमटा बसतो तेव्हा बाई दचकते. कळ पाळीतल्या कळेसारखी येते आणि ओसरते. त्या तुकड्यात 'सीआयएन-१', म्हणजे कॅन्सरआधीच्या बदलाची पहिली पायरी, निघाला तर सहसा लक्ष ठेवतात, २ आणि ३ वर उपचार करतात. हे बदल तसेच सोडले तर काय होतं, हे जगाला एका वाईट प्रसंगातून कळलं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९६० च्या दशकापासून 'सीआयएन-३' असलेल्या स्त्रियांना पुरेसे उपचार न देता नुसतं बघत राहिले. त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के जणींना ३० वर्षांत कॅन्सर झाला. वेळेवर उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं.

आणि हे उपचार मोठं ऑपरेशन नसतात. थर्मल ॲब्लेशनमध्ये सुमारे शंभर अंश तापलेलं टोक मिनिटभराच्या आत काम संपवतं. क्रायोमध्ये तीन मिनिटं गोठवून, पाच मिनिटं सोडून, पुन्हा तीन मिनिटं गोठवतात. जागा मोठी किंवा आत गेलेली असेल तर जागा बधिर करून तारेच्या वेढ्याने तेवढा भाग काढतात. बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते. काही आठवडे पाण्यासारखं जातं, त्याला घाबरायचं नसतं. साधारण महिनाभर संबंध टाळायचे आणि वर्षभराने पुन्हा तपासून घ्यायचं.

इथे मला रागाने लिहावंसं वाटतं. पांढरं जातं, तोंडावर जखम आहे, "कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका" असं सांगून आपल्या राज्यात किती जणींच्या पिशव्या गेल्या! बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला तेव्हा ८२,३०९ जणींच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. तिशीतल्या बाईचे बीजकोषही काढले तर पाळी अकाली जाते, हाडं आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. दुसरा धोका उलट बाजूचा. आधी पॅप किंवा बायॉप्सी न करता पिशवी काढली आणि नंतर तिच्यात कॅन्सर निघाला, तर झालेलं ऑपरेशन अपुरं ठरतं आणि पुढचा उपचार बिकट होतो. म्हणून पिशवी काढायचा सल्ला मिळाला, तर आधी गर्भाशयमुखाची तपासणी झाली का, हा प्रश्न प्रत्येकीने विचारायचाच.

तपासणी जीव वाचवते याचा पुरावा शोधायला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला: एचपीव्हीच्या एकाच तपासणीने पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलच्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरने तपासलं आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आणि तरी २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार जणींना हा कॅन्सर होतो, सुमारे ८० हजार जणी जातात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एचपीव्हीवरच्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. मुलींना ती जरूर द्यावी, पण त्यांच्या आयांना आज गरज आहे ती तपासणीची.

ओपीडीत सर्वांत उशिरा येणाऱ्या बायका कोणत्या, तर पाळी बंद झाल्यावर रक्त गेलेल्या. आजी म्हणतात, "पाळी पुन्हा आली," आणि महिनोन्महिने गप्प राहतात. पाळी गेल्यानंतर पाळी परत येत नसते. एक डाग दिसला तरी दाखवायचं. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असाच कळतो, आणि लठ्ठपणा, मधुमेह असेल तर त्याची शक्यता वाढते. संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, रक्तमिश्रित किंवा वास येणारं पाणी ही गर्भाशयमुखाची खूण; पाय सुजणं, लघवी अडणं हे फार पुढचं. बाहेरच्या भागाला न थांबणारी खाज, न भरणारी जखम मलमांवर ढकलायची नाही. बीजकोषाचा कॅन्सर मात्र फसवा. पोट फुगतं, दोन घासांत भरतं, लघवीला वारंवार जावं लागतं आणि बाई ॲसिडिटीच्या गोळ्या खाते. हे नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे टिकलं तर सोनोग्राफी करून घ्यावी. हा कॅन्सर पॅपमध्ये कळत नाही. तसंच त्रास होत असेल तर जुना 'नॉर्मल' रिपोर्ट दाखवून घरी थांबायचं नाही. गर्भाशयमुखावर नुसत्या डोळ्यांना गाठ दिसत असेल तर डॉक्टर थेट तुकडा घेतात.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघालाच, तरी लवकरच्या टप्प्यात तो बहुतेकदा बरा होतो. पुढच्या टप्प्यात किरणोपचार आणि सोबत केमो देतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे उपचार बसतात; रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटायचं.

ओपीडी संपताना टेबलावर न नेलेल्या रिपोर्टांची चळत उरते. तुमच्या घरातल्या तिशी ओलांडलेल्या कोणाची तपासणी झाली असेल, तर रिपोर्ट आणला का, एवढं आजच विचारा. आणला नसेल तर तिच्यासोबत जाऊन आणा. झालीच नसेल तर आशाताईला विचारून जवळच्या दवाखान्याचा दिवस ठरवा, आणि त्या दिवशीची घरची कामं तुम्ही करा.