फोटो ते प्रिंट (भाग ७) : सावळा रंग सावळाच उतरावा

मागच्या भागात आपण कागदाची निवड पाहिली. आज त्वचेचा रंग. आकाश जरा जास्त निळं छापलं गेलं तर कुणी हरकत घेत नाही. आजीचा चेहरा किंचित हिरवट आला, तर घरातलं लहान मूलही ते ओळखतं.

समजा, कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या तलावाकाठी, झाडाखाली आजींचा फोटो काढलाय. गहूवर्णी चेहरा, अंगावर हिरवं इरकल. पानांतून येणारा उजेड हिरवट, आणि लुगड्याचा रंग हनुवटीखाली उमटलेला. अशा वेळी बरेच जण फोटो उजळ करतात. त्याने हिरवटपणा जात नाही, चेहरा मात्र राखेसारखा फिका पडतो. आधी रंगाचा तोल साधायचा. फोटो काढतानाच आजींच्या हाती ग्रे कार्ड देऊन एक जादा फोटो घ्या आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स लावा. हनुवटीखालचा हिरवा तेवढाच भाग निवडून कमी करा.

मग आकडे तपासा. गालावर, चकाकी टाळून, कर्सर ठेवा. सीएमवायके आकड्यांत आपल्याकडच्या वर्णाला पिवळा मॅजेंटापेक्षा थोडा जास्त हवा आणि सायन मॅजेंटाच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. वर्ण गडद, तसा सायन जास्त. मॅजेंटा चढला तर चेहरा तांबूस होतो, सायन चढला तर काळवंडतो. हा ढोबळ अंदाज आहे. शेवटचा निवाडा प्रिंटवरच करायचा.

आपला वर्ण नीट छापण्यासाठी मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात, यामागे इतिहासही आहे. फोटो लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकची ‘शर्ली कार्डं’ असत आणि त्यांवर अनेक वर्षं गोऱ्या बायकांचेच चेहरे होते. त्याच्याही कितीतरी आधी, १८९४मध्ये, राजा रविवर्मांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे आणि थरावर थर चढत चेहऱ्याची छटा तयार होई. आजचा इंकजेट प्रिंटर तेच काम शाईच्या बारीक थेंबांनी करतो.

म्हणून छपाईआधी तीन गोष्टी करा. मॉनिटर कॅलिब्रेट करून त्याचा उजेड दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेलांवर आणा. फार प्रखर पडद्यावर ठीक वाटलेला चेहरा कागदावर काळपट येतो. प्रिंटर आणि कागद या जोडीचं आयसीसी प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ पाहा. मॅट कागदावर सावळ्या चेहऱ्याच्या सावल्या लवकर बुजतात. शेवटी फक्त चेहऱ्याची एक पट्टी छापा, वाळू द्या आणि फोटो जिथे लागणार त्याच खोलीत पाहा. घरातल्या ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली आणि पिवळ्या बल्बखाली तीच पट्टी वेगळी दिसते.

छपाई करणाऱ्या मंडळींना एकच विनंती : कुणी सांगितल्याशिवाय चेहरा गोरा करू नका. आणि वाचकहो, प्रिंट करून घेताना चाचणीची पट्टी आधी मागा. तो तुमचा हक्क आहे.