वेळेची जकात

8 डिसेंबर 1863. चिलीची राजधानी सांतियागो. सणाच्या प्रार्थनेसाठी चर्च गच्च भरले होते. रोषणाईच्या दिव्यांतून आग लागली आणि सुमारे दोन हजार माणसे गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया.

तिसऱ्या दिवशी होसे लुईस क्लारो यांची छोटी सूचना वर्तमानपत्रात आली : अग्निशमन पथक उभारू इच्छिणाऱ्या तरुणांनी 14 तारखेला जमावे. 20 डिसेंबरला दल स्थापनही झाले.

चिलीत आजही आग विझवणारे स्वयंसेवकच आहेत. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी विद्यार्थी. हाक आली की हातचे काम टाकून धावायचे. अपघातात अडकलेल्यांना गाडीतून सोडवायचे कामही त्यांचेच. पगार नाही; उलट दरमहा वर्गणी स्वतःच भरायची. सरकार मदत देते, पण लोकांपुढेही झोळी पसरावी लागते.

रमजानमध्ये अनेक घरांत जकातीचा हिशेब होतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनाचा चाळिसावा हिस्सा गरजूंचा. वेळेवर जकात फर्ज नाही. पण खिदमत ही इबादतच मानली जाते. दिवसाचा चाळिसावा हिस्सा म्हणजे फक्त 36 मिनिटे. शेजाऱ्यासाठी तेवढी कुणीही काढू शकतो, रोजा असो वा नसो.