संदेश तुटला, तर?

रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार तुम्ही पाहिली असेल. ती फार लांब गेली, की रिमोटचे ऐकत नाही. फार तर एखाद्या भिंतीला धडकते. आपण धावत जातो आणि ती उचलून आणतो. आता त्या मोटारीच्या जागी एक विमान आहे अशी कल्पना करा. त्याचे वजन १० ते १५ किलो आहे, त्याच्या पोटात काही लिटर केरोसीन आहे आणि ते ताशी ३०० किलोमीटर वेगाने उडते आहे. त्याने ऐकायचे थांबवले, तर धावून कुठे जाणार?

अशी विमाने खरोखर असतात. त्यांना मॉडेल जेट म्हणतात. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका अशा देशांत सुट्टीच्या दिवशी मोकळ्या धावपट्टीवर हौशी लोक ती उडवतात. विमानात माणूस बसत नाही. जमिनीवर उभा असलेला वैमानिक हातातल्या ट्रान्समीटरच्या दोन दांड्या हलवतो आणि रेडिओलहरींनी त्याचा हुकूम वर जातो. विमानातला रिसीव्हर तो हुकूम घेतो. मग सर्व्हो नावाच्या छोट्या मोटारी पंखांवरच्या व शेपटीवरच्या पट्ट्या हलवतात आणि विमान वळते, चढते किंवा उतरते.

मॉडेल जेटचे इंजिनही खरे जेट इंजिन असते. १९९० च्या आसपास जर्मनीतील कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या कार्यशाळेत बनवता येईल असे छोटे जेट इंजिन तयार केले. त्यातले हवा दाबणारे चाक चक्क लाकडाचे होते! ते फुटू नये म्हणून त्याला कार्बनच्या धाग्यांनी आवळले होते. आजची इंजिने धातूची आणि कारखान्यात बनलेली असतात. डब्याएवढ्या आकाराच्या या इंजिनातले चाक मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते. केरोसीनमध्येच थोडे तेल मिसळतात, त्यामुळे इंजिनातील बेअरिंगना वंगण मिळते. इंजिनाला किती इंधन द्यायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याला ईसीयू म्हणतात. वैमानिक दांडी पुढे सरकवतो, तेव्हा तो इंजिनाला थेट हुकूम देत नसतो. तो ईसीयूला सांगतो आणि ईसीयू इंधनाचा पंप चालवतो.

संदेश तुटतो तरी कसा? पूर्वी ठरावीक वारंवारतेचे रेडिओ वापरत. मैदानावर दोघांनी चुकून एकच वारंवारता लावली, तर दोघांचे हुकूम एकमेकांत मिसळत आणि विमान कोसळे. २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले. ते आपली वारंवारता सतत बदलत राहतात, म्हणून ही टक्कर जवळजवळ संपली. तरीही धोका पूर्ण गेलेला नाही. विमानाचे अंग कार्बनच्या कापडाचे असेल, तर त्यातून रेडिओलहरी नीट जात नाहीत. इंजिन, धातूची नळी, इंधनाची टाकी यांच्या आड अँटेना आला, तर विमान वळताना क्षणभर संदेश हरवू शकतो.

त्या क्षणी रिसीव्हरने काय करावे? अनेक रिसीव्हरांमध्ये त्यासाठी दोन मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे शेवटचा हुकूम धरून ठेवणे. दुसरा मार्ग म्हणजे आधी ठरवून दिलेल्या स्थितीत जाणे. या सोयीला फेलसेफ म्हणतात.

पहिला मार्ग वरवर चांगला वाटतो. पाव सेकंदच संदेश हरवला असेल, तर तो चांगलाच आहे. पण शेवटचा हुकूम 'पूर्ण वेग' असा असेल आणि संदेश परत आलाच नाही, तर? ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर. पाच सेकंदांत विमान ४०० मीटरांहून पुढे जाते आणि इंजिन अजून पूर्ण जोरात चालू असते. पुढे शेत आहे, रस्ता आहे की शाळा आहे, हे त्या बिचाऱ्या रिसीव्हरला काय ठाऊक? सुरक्षित काय, हे यंत्राला कळत नाही. ते माणसाने जमिनीवर शांतपणे बसून आधी ठरवायचे असते.

ही कल्पना आपल्याला अनोळखी नाही. मुंबईच्या लोकलचा मोटरमन गाडी चालवताना हँडल दाबून धरतो. त्याला भोवळ आली आणि हात सुटला, तर ब्रेक आपोआप लागतात. हुकूम थांबला, की गाडीनेही थांबायचे! विमानाला मात्र हवेत थांबता येत नाही. म्हणून त्याचे इंजिन तरी थांबवायचे.

ब्रिटनमधील नियम असा आहे, की इंजिनाच्या मॉडेलमधील रिसीव्हरला फेलसेफची सोय असेल, तर ती लावलेलीच हवी. संदेश तुटताच इंजिन निदान मंद गतीवर आले पाहिजे. 'निदान' हा शब्द लक्षात ठेवा. जेट इंजिन मंद चालले, तरी त्यात आग असते आणि पंप इंधन ढकलत असतो. विमान कोसळून नळी फुटली, तर ते केरोसीन तापलेल्या इंजिनावर पडते आणि वाळलेले गवत पेटते. म्हणून मंद गतीवर न थांबता इंजिन पूर्ण बंद करणे अधिक चांगले.

पण इथे एक पेच आहे. बंद पडलेले जेट इंजिन लगेच सुरू होत नाही. आधी चाक फिरवावे लागते, मग ज्योत पेटवावी लागते, मग हळूहळू वेग वाढतो. दोन सेकंदांत संदेश परत आला, तरी इंजिन गेलेले असते आणि वैमानिकाला विमान घरंगळत खाली आणावे लागते. म्हणून काही ईसीयूंमध्ये पायऱ्या असतात : क्षणभर वाट पाहणे, मग इंजिन मंद करणे, तरीही संदेश आला नाही तर बंद करणे. वाट किती पाहायची, हे मालक ठरवतो. विमानाची किंमत लाखांत असते, त्यामुळे हात जड होतो आणि 'अजून दोन सेकंद असू दे' असे वाटते. माझ्या मते ती दोन सेकंदे मालकाची नसतात. विमानाच्या वाटेत जो कोणी उभा असेल, त्याची असतात. फेलसेफ विमान वाचवण्यासाठी नाही, माणसे वाचवण्यासाठी आहे.

आता फेलसेफ लावताना होणारी चूक पाहा. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची पहिली ओळख करून देतात, तिला बाइंड करणे म्हणतात. कित्येक रिसीव्हर बाइंड करताना दांड्या जिथे असतील, तीच स्थिती फेलसेफ म्हणून लक्षात ठेवतात. त्या वेळी वेगाची दांडी अर्ध्यावर राहिली, तर संदेश तुटल्यावर इंजिन अर्ध्या वेगाने चालत राहील! दुसरी चूक आणखी फसवी आहे. बाइंड केल्यानंतर एखाद्याच्या ध्यानात येते, की दांडीची दिशा उलटी लागली आहे. तो ट्रान्समीटरमध्ये दिशा बदलतो. आता दांडी बरोबर चालते. पण रिसीव्हरने जुनीच स्थिती लक्षात ठेवलेली असते. काल ज्या स्थितीचा अर्थ 'बंद' होता, त्याच स्थितीचा अर्थ आज 'पूर्ण वेग' असा होतो. रोजच्या उड्डाणात हे दिसतही नाही. ते दिसते फक्त संदेश तुटल्यावर.

फेलसेफची एक मर्यादाही आहे. रिसीव्हरची बॅटरीच संपली, तर सर्व्होंना वीज मिळत नाही आणि ठरवलेली स्थिती तशीच मनात राहते. म्हणून जाणते लोक रिसीव्हरला दोन बॅटऱ्या जोडतात. ईसीयूची बॅटरी वेगळी असते. रिसीव्हरकडून काहीच येत नाही असे दिसले, की तो आपल्या मनाने इंजिन बंद करू शकतो. पण तसे त्याच्यात आधी भरून ठेवावे लागते.

'खबरदारी' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. त्यात 'खबर' आहे, म्हणजे माहिती. फेलसेफ बरोबर लागले आहे की नाही, ही खबर उड्डाणाआधीच घ्यायची असते. आधी इंजिन बंद ठेवून पाहतात. वेगाची दांडी वर नेतात, ट्रान्समीटर बंद करतात आणि ईसीयूच्या पडद्यावर काय उमटते ते वाचतात. मग बाहेर मैदानात खरी परीक्षा. विमानाच्या चाकांपुढे अडसर लावतात. एक मदतनीस ते घट्ट धरतो, दुसरा आग विझवण्याचे नळकांडे घेऊन उभा राहतो. इंजिनाच्या मागे कोणालाही उभे राहू देत नाहीत, कारण तिथून शेकडो अंश तापलेला झोत येतो. इंजिन सुरू होते. वैमानिक वेग थोडा वाढवतो आणि ट्रान्समीटर बंद करतो.

सगळे कान देऊन ऐकतात. शिटीसारखा आवाज खाली खाली येत विरून गेला, तर विमान धावपट्टीकडे न्यायला हरकत नसते. उद्या रिसीव्हर बदलला, पुन्हा बाइंड केले किंवा एखाद्या दांडीची दिशा फिरवली, तर हीच परीक्षा पहिल्यापासून पुन्हा घ्यायची.